अशोकजींचा हात

आता साधं सापळे मोजायचं काम, त्यात भिण्यासारखं काय असणार? संहिताही तसंच म्हणायची. मक्यात कामगंध सापळे टांगलेले. प्रत्येकात मादी पतंगाच्या वासाची रबराची गोळी. त्या वासाला भुलून लष्करी अळीचे नर पतंग आत पडतात, ते मोजायचे आणि आकडा ऑफिसला कळवायचा. एक दिवस तिची पाळी, एक दिवस तिचे सहकारी अशोकजी यांची.

अशोकजींना जाऊन सव्वा महिना झाला होता. महूकडच्या याच शेतात त्यांना साप चावला. पाळी संहिताची होती. "भिया, आज तुम्ही जा ना, शर्वरीला खूप ताप आहे," असं तिनं अशोकजींना फोनवर सांगितलं होतं; इंदुरी रीतीनं ती त्यांना भिया, म्हणजे दादा, म्हणायची. ताप कसला, पोरगी शेजारी बसून पोहे खात होती! नुसता आळस. लेकराच्या आजाराचं खोटं कुणी सांगतं का? पण तोंडातून निघून गेलं, आणि मग ते कुणालाच सांगता आलं नाही.

सोमवारी ती पोचली तेव्हा फाटकाच्या कडीवर सात-आठ राखी पतंग चिकटून बसले होते.

"अशोकजी दर खेपेला हीच कडी उघडायचे," शेताचे मालक अप्पासाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "कितीदा सांगितलं, ग्लोव्हज घालत जा. ऐकतील तर शपथ! गोळीचा वास हाताला, हाताचा कडीला."

"पण मधे इतका झोडपून पाऊस झाला... वास राहील का?"

"तुम्ही शिकलेल्या, बाई. मला काय विचारता?"

त्या दिवशी सापळ्यांत मात्र एकही पतंग नव्हता.

गुरुवारी पतंग तिच्या स्कूटीच्या हँडलवर बसले. स्कूटी गेल्याच आठवड्यात शोरूममधून आणलेली. अप्पासाहेबांनी टोपी काढली आणि स्कूटीच्या रिकाम्या मागच्या सीटला हात जोडले.

"बाई... सांगू की नको असं झालं होतं. शेवटी माझ्याच मांडीवर डोकं होतं त्यांचं. जीभ जड झालेली, तरी एकच विचारत होते... संहिताच्या पोरीचा ताप उतरला का?"

ती तशीच घरी आली. 'जुनी इंदूर' मोहल्ल्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, आसपास कोसभर मक्याचं ताट नाही. घरात दोघीच.

शुक्रवारी उजाडताना ती शर्वरीला उठवायला गेली. पोरीच्या कपाळावर पतंग बसले होते. चार ओळी एका बाजूला, एक आखूड ओळ दुसरीकडे. ताप बघायला कुणी तळवा ठेवावा तसे. संहितानं कपाळाची कड चाचपली. गार होतं.

तिनं तिथंच गुडघे टेकले. "भिया... हिला ताप नव्हता हो. मी खोटं बोलले. माझ्यामुळे गेलात तुम्ही. माझं चुकलं... पण हिला सोडा."

पतंग एकदम उडाले आणि खिडकीतून निघून गेले. संहिताला हुंदका आवरेना. ऐकलं, देवमाणसानं ऐकलं! तिनं लेकीला उराशी धरलं, आणि तिचे हात पोळले. पोरगी तव्यासारखी तापली होती.

"आई," डोळे मिटलेलेच ठेवून शर्वरी पुटपुटली, "अशोककाका म्हणाले, रडू नको... आता ते खोटं नाही राहिलं."