एकडोळ्याच्या गुहेतली पन्हळ

"पहारेकऱ्याला दहा मिनिटं बोलण्यात गुंतवायचं. जमेल ना?" वकिलानं विचारलं.

"दहाच? मी अर्धा तास त्याचं डोकं खाईन!" शेपूट म्हणालं आणि गुहेच्या दाराकडे सुटलंसुद्धा.

वकील होता सातवीत. पण आईनं जेवायला हाक मारली तरी तो पुरावा मागायचा. शेपूट त्याचा धाकटा भाऊ, सदा त्याच्या मागे मागे. आणि तिसरी छिन्नी. तिचे बाबा दगडावर नावं कोरायचे आणि तिची जीभ त्यांच्या हत्यारांइतकीच धारदार होती, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच.

सुट्टी लागल्यापासून गावात एकच विषय होता. डोंगरातल्या एकडोळ्याच्या गुहेत म्हणे जुन्या काळच्या खुद्द एकडोळ्या दरोडेखोराचा शिलालेख सापडला होता! 'मी एकडोळ्या. माझा खजिना याच डोंगराच्या पोटात आहे.' नगराध्यक्षांनी लगेच गुहेला लोखंडी दार बसवलं, पहारेकरी नेमला आणि तिकीट लावलं. जिथे पिढ्यान्पिढ्या मुलं धुडगूस घालत आली, तिथून आता मुलांनाच हुसकावून लावत होते. तिघांचाही नुसता जळफळाट झाला होता.

"गेल्या सुट्टीत त्याच भिंतीवर आपण कोळशानं क्रिकेटच्या धावा लिहिल्या होत्या," गुहेच्या मागच्या फटीतून अंग चोरून आत शिरताना वकील पुटपुटला. "तेव्हा भिंत कोरी होती. मग लेख काय उगवला तिथे? आणि हा दरोडेखोर कुठल्या शाळेत शिकला म्हणे?"

"आधी आत तर सरक! माझं डोकं अडकलंय!" मागून छिन्नी करवादली.

आत अंधार होता. एका खडकामागे झाडून लोटलेला दगडाचा चुरा सापडला, अगदी ताजा, पांढरा. वकिलानं तो रुमालात बांधला. छिन्नीनं टॉर्च लेखावर धरला.

"अरे, हे बघ!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "अक्षरांच्या वर बारीक पन्हळ! पावसाचं पाणी अक्षरांवर ओघळू नये, बाजूंनी निघून जावं म्हणून दारावरच्या पाटीवर अशी कोरतात. पण गुहेत पाऊस कुठला? हे पाट्या करणाऱ्याचंच काम! सवयीनं कोरून बसला बिचारा!"

"शाब्बास! आणि अशी पन्हळ कोण कोरतं?"

छिन्नीनं टॉर्च विझवला. गावात अशी पन्हळ एकच माणूस कोरायचा. त्यांची पट्टी धरून ती कितीदा शेजारी बसली होती.

ती घरी पोचली तेव्हा बाबा छपरीत हत्यारांना धार लावत होते. एवढी धार लावायला काम कुठे होतं म्हणा! लोक आता प्लॅस्टिकच्या छापील पाट्या लावत होते.

"बाबा, गुहेतलं ते तुम्ही कोरलंत?"

त्यांचा हात थांबला. "नगराध्यक्ष म्हणाले, शोभेची पाटी आहे. मी म्हटलं, खाली यंदाचं साल घालू. ते म्हणाले, ते नंतर बघू."

"पण नंतर त्यांनी डंका पिटला, तेव्हा तरी बोलायचं होतं!"

"डोंगराच्या वाटेवरच्या सगळ्या पाट्या मला देणार होते," बाबा खाली बघत म्हणाले. "काम हवं होतं गं."

तिला त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला.

"वकील उद्या संग्रहालयातल्या बाईंना सगळं दाखवणार आहे. अडवू त्याला?"

"नको. खोटं आहे ते. कोरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं."

दुसऱ्या दिवशी वकिलानं रुमाल सोडला, धावांची गोष्ट सांगितली, पन्हळ दाखवली. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कोणी कोरलंय हे?" त्यांनी विचारलं. जन्मात कधी गप्प न बसलेला वकील त्या वेळी गप्प बसला. पण गावाला डोळे होते. निम्म्या घरांच्या पाट्यांवर तीच पन्हळ होती. संध्याकाळपर्यंत बाबांचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

सगळ्यांत मोठ्यानं हळहळले ते नगराध्यक्ष. "त्या कारागिरानं आमचीही फसवणूक केली!" असं म्हणून त्यांनी बाबांचं काम काढून घेतलं आणि मुलांचा जाहीर सत्कार ठरवला.

सभागृह खचाखच भरलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेचं नाव काढलंत!" छिन्नीच्या हातात चकचकीत सन्मानपाटी आली. समोर माईक होता. तिनं तो घट्ट पकडला.

"माझ्या बाबांनी कोरलं, हे खरं आहे. पण कोरायला कोणी सांगितलं, ते विचारा ना! ते इथेच बसलेत, या खुर्चीवर!"

सगळ्यांच्या माना त्या खुर्चीकडे वळल्या. मग नगराध्यक्ष मनापासून हसले, त्यांनी उठून तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघा, किती धीट मुलगी आहे! वडिलांवर किती जीव आहे!" सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागे, दाराशी बाबा उभे होते. तेही टाळ्या वाजवत होते. छिन्नीला त्या टाळ्या कानांत बोटं घालून बंद कराव्याशा वाटल्या.

घरी आल्यावर बाबांनी ती सन्मानपाटी हातात घेतली, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"छापील आहे," ते म्हणाले. "पाणी लागू देऊ नकोस. दोन पावसांत जाईल."

छिन्नीनं पाटी परत घेतली आणि अंगणात जाऊन, उघड्या आभाळाखाली, दगडांच्या ढिगावर ठेवून आली.