'माणसं' नावाचा फोल्डर

पंकजा आणि रविराजची ओळख झाली ती एका फोल्डरमध्ये.

नगरच्या कॉलेजात दोघं एकाच वर्गात होती. पण एवढ्या गर्दीत कोण कुणाला ओळखतं! सरांनी या दोघांसह चौघांचा गट पाडला, विषय दिला... ऊसतोडीचं स्थलांतर. गटातले करण आणि दिशा सावेडीचे, शहरातच वाढलेले. दिशा गोड हसून म्हणाली, "पंकजा, नेटवरचं सगळं तूच गोळा कर ना. तुझं कसं व्यवस्थित असतं!"

व्यवस्थित असायला तिच्याकडे वेळच वेळ होता. शनिवार आला की होस्टेलच्या मुली घरी पळत. पंकजाच्या पाथर्डीकडच्या घराला मात्र दिवाळीपासून कुलूप होतं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर ती एकटी बसायची. बातम्या एकीकडे, सरकारी अहवाल दुसरीकडे. एकच बातमी चार जागी उचललेली दिसली, की मूळची ठेवून बाकीच्या काढायच्या. गटाच्या ऑनलाइन ड्राइव्हवर फोटोंचा फोल्डर कुणीतरी आधीच केला होता. नाव दिलं होतं, 'अशिक्षित मजूर'.

तिनं ते खोडलं. लिहिलं, 'माणसं'.

लगेच स्क्रीनवर रविराजचा मेसेज आला.

'नाव तू बदललंस?'

'हो. चुकलं का?'

'चुकलं माझंच. आधीचं मी ठेवलेलं. कुठं बसलीयेस?'

'लायब्ररीत.'

'मग... मागं बघ.'

शेवटच्या टेबलावरून एक उंच, किडकिडीत मुलगा हात हलवत होता. पंकजाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

मग तो रोज शेजारी येऊन बसू लागला.

"वाचताना तुझे ओठ हलतात."

"तू वाचतच न्हाईस, नुसता बघतोस!" ती बोलून गेली, आणि त्या 'न्हाईस'नं कानापर्यंत लाल झाली.

"लाजतीस कशाला? आमी संगमनेरला घरी असंच बोलतो. इथं आल्यावर जीभ धुऊन घेतली, एवढंच."

एकदा त्यानं एक फोटो उघडला. डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई, मागं उसाच्या पाचटाची झोपडी, कोपी. "अशा कुणाशी बोलायला मिळालं तर..."

पंकजा हळूच म्हणाली, "माझे आईवडील तोडीवर हायेत, रविराज. तुमच्याच संगमनेरकडं."

त्यानं 'अरेरे' म्हटलं नाही. विचारलं, "भेटलीस कधी?"

"दिवाळीपासून न्हाई. गेले तर... परत यायला पाय निघणार न्हाई माझा."

सादरीकरणाच्या दिवशी अहवाल बाजूला ठेवून ती आईबद्दल बोलली. शेवटपर्यंत थांबली नाही. दिशानं येऊन तिचा हात धरला.

आणि प्रोजेक्ट संपला. गटाच्या ग्रुपवर सामसूम. शनिवारी होस्टेल रिकामं झालं, जिन्यातल्या चपला गेल्या. पंकजा गॅलरीत उभी होती. आता रविराजला यायला कारण तरी काय?

खाली फाटकाशी रविराज उभा.

"घरी चाललोय. संगमनेरची एसटी हाय... येतेस? परत यायचं माझ्यावर सोड."

एसटीच्या खिडकीतून गार वारा येत होता. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. दोघांनीही सरकायचं नाव काढलं नाही.

संगमनेरहून पुढं ते फाट्यावर उतरले. हवेत कारखान्याच्या मळीचा वास, उसाच्या फडाच्या कडेला कोप्यांचा धूर.

"जा तू," तो थांबला. "आईनं विचारलं, कुणाबरोबर आलीस, तर काय सांगशील?"

"गटातला मुलगा."

"गट तर संपला."

"मग..." तिनं मान खाली घातली. "मग चल ना. मला एकटीनं सांगायचं न्हाई."

चुलीपुढून आई उठली. पिठाच्या हातांनीच लेकीला मिठी मारली, रडली. मग पदरानं डोळे पुसत मागं उभ्या पोराकडं पाहिलं.

पंकजा म्हणाली, "आये, हा रविराज. माझा हाय. त्याच्यासाठीबी भाकर टाक."