बोटीची चाकं बांधली तेव्हा

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं त्या दिवशी रांग सोडून आमची बोट बघत होती. बोट ट्रेलरवर, ट्रेलर एका पांढऱ्याशुभ्र मोटारीला जोडलेला, अन् मोटारीखालून धूर! मोटार विकायला आलेला माणूस कपाळ बडवून घेत होता. मी मात्र ताठ उभी. चूक माझी होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं.

आम्ही तांड्यावरचे राठोड. आमच्या वाडवडिलांनी लदेणीचे, म्हणजे पाठीवर माल लादलेले, बैल मुलूखभर हाकले. आमच्यात बैल घेताना छकड्याची चाकं दोरखंडानं बांधतात अन् मग जुंपतात. गुडघे टेकून का होईना, जो बैल छकडा जागचा हलवतो, तोच आमच्या दावणीला येतो. मग बोट ओढायला मोटार घ्यायची तर वेगळं काय करायचं? मी ट्रेलरची चाकं बांधायला लावली.

"याडी, सोड गं ती दोरी!" माझी धाकटी लेक, शिवकन्या, स्टिअरिंगवरून ओरडत होती. ही पोरगी मला घाबरते, पण पाण्याला घाबरत नाही. जुनी बोट हट्टानं घेतली ती तिनंच. पावसाळा सरला की सिद्धेश्वरच्या धरणावर माणसं फिरवायची, उन्हाळ्यात येलदरीला न्यायची, असा तिचा बेत.

तेवढ्यात गर्दीतून एक पोरगा पुढं आला. हात कोपरापर्यंत काळे. त्यानं धूर हुंगला, दोरी बघितली, अन् हसला.

"मावशी, क्लच जळाला. बैल दमला की थांबतो. गाडी बिचारी ऐकत ऐकत जळून जाते."

"तुला कोणी इचारलं? कोणाचा रे तू?"

"चव्हाणांचा. योगेश. शिरड शहापूरला गॅरेज हाय माझं."

चव्हाण. म्हणजे आमचा भाऊबंद नव्हे, सोयरीक चालते. हे मी मनात टिपून ठेवलं. काहून, ते विचारू नका.

शिवकन्या खाली उतरली. "हसायला काय झालं? एकशेवीस हॉर्सपॉवरची हाय म्हणे."

"असंल. हॉर्सपॉवर पळायला. ओढायला टॉर्क लागतो."

"म्हणजे?"

त्यानं तिच्या हातात आखूड पाना दिला अन् ट्रेलरच्या चाकाचा नट दाखवला. पोरगी लाल झाली, नट ढिम्म. मग त्यानं पान्याच्या दांड्यात हातभर पाइप अडकवला. "आता बघा." नट कर्रर्र करून फिरला.

"जोर तुमचाच. दांडा लांब झाला, म्हणून पीळ वाढला. तो पीळ म्हणजे टॉर्क. ही पेट्रोलची गाडी इंजिन जोरात फिरलं की मग जोर धरते. डिझेलचं इंजिन हळू फिरतानाच धरतं. बारा क्विंटलाची बोट जागची हलवायची, तर तो पहिलाच जोर पाहिजे."

"एवढं सोपं?"

"शिकणारी अशी असली की..." तो थांबला. माझ्याकडे बघितलं.

"बोल की," मी म्हटलं. "जीभ बी जळाली काय?"

शिवकन्या ओढणीआड हसली. मी ते बघितलं. त्यानंही.

घरी आल्यावर मी निकाल दिला. "बोट पाण्यात ढकलणं कोणालाबी जमतं. सोमवारी धरणाच्या चढावरून परत वर काढून दाखव. जमलं न्हाई तर बोट इकीन, अन् हिंगोलीहून तुला सांगून आलेल्या स्थळाला व्हय म्हणीन." तिची मोडलेली भाकरी तशीच ताटात राहिली.

मग रोज शिरड शहापूर. गाडी बघायला, असं म्हणायची. मी सोबत जायचीच. माझी अट अन् हिंगोलीचं स्थळ, दोन्ही तिनं पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाकलं.

"ही कशी?" एका उंच, चकचकीत गाडीकडे तिनं बोट केलं.

"दिसायला छान. पण पुढचीच चाकं ओढतात. मागं बोट लटकली की पुढचा भार हलका होतो अन् चाकं चिखलात नुसती फिरतात." त्यानं कोपऱ्यातली एक रंग उडालेली डिझेल जीप दाखवली. "हिची चारी चाकं ओढतात. खालच्या गिअरात टाकली की मुंगीच्या चालीनं जाते... पण थांबत न्हाई."

"तुमच्यासारखीच म्हणायची!"

"मी कुठं हळू?"

"चार दिस झाले, तुमचं एक वाक्य धड पुरं झालं न्हाई."

तो कानापर्यंत लाल झाला. मी पदर तोंडाला लावून खोकले, नाही तर हसले असते.

सोमवारी धरणावर भुरभुर चालू होती. चढावरची काळी माती लोण्यासारखी झाली होती. बोट पाण्यात उतरली, तरंगली, परत ट्रेलरवर चढली. आता खरी परीक्षा. शिवकन्या त्याच डिझेल जीपमध्ये. योगेश लाकडी ठोकळा घेऊन ट्रेलरच्या मागं, गाडी घसरलीच तर चाकाला लावायला.

अर्ध्या चढावर जीप मंदावली. इंजिन घुरघुरलं.

"पोरी, दाब! पाय दाब!" मी ओरडले.

"शिवकन्या, दाबू नको!" मागून त्याचा आवाज. "चाकं घसरतील. पाय तसाच ठेव... ओढू दे तिला."

पोरीनं आरशात बघितलं. मग पाय तसाच ठेवला. माझा शब्द तिनं आजवर मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला, अन् बोट वीत वीत करत वर आली.

वर आल्यावर माझ्याकडे यायचं सोडून ती तरातरा त्याच्याकडे गेली. तो घोट्याएवढ्या चिखलात उभा.

"बोट मागं घसरली असती तर? बाजूला काहून न्हाई झालात?" तिनं दरडावलं.

"तुमी आरशात माझ्याकडं बघून राहिल्या होत्या. मी हललो असतो, तर तुमचा पाय हलला असता."

भुरभुर तिच्या पापण्यांवर साचली होती. पुसायचं तिच्या ध्यानातच नव्हतं.

"हिंगोलीला जाऊ नका," तो म्हणाला. "माझ्या घरी या. जन्मभरासाठी."

"येते," ती म्हणाली. एवढंच. अन् मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी धरणाची भिंत आहे.

मी पदर खोचला.

"आधी पाय धुवा दोघं," मी म्हटलं. "अन् चव्हाण, उद्या आई-बापाला घेऊन ये. लग्नाची बोलणी करायची तर समोर रिकामी खुर्ची मला चालत न्हाई."