गणिताच्या तासाची दुभाषी

तिला खरं तर अर्थशास्त्राच्या वर्गात जायचं होतं. कचेरीतल्या बाईंनी खोली सांगताना गोंधळ घातला, आणि खुणांच्या भाषेची ही दुभाषी जाऊन पोचली ती एम.एस्सी. गणिताच्या तासाला. तिथेही ऐकू न येणारा एक विद्यार्थी पहिल्या बाकावर वाट बघत होता. त्याचा आधीचा दुभाषी काम सोडून पळाला होता. तो का पळाला, हे तिला लवकरच कळलं.

सर फळ्याकडे तोंड करून बोलत होते. 'उघडा संच' म्हणाले, तिने दार उघडल्याची खूण केली. 'बंद संच' म्हणाले, तिने दार लावून घेतलं. मग सर शांतपणे म्हणाले, "हा संच उघडाही आहे आणि बंदही."

तिचे हात हवेतच राहिले. समोर तो बाकावर डोकं टेकून हसत होता.

तास संपल्यावर तिने त्याला गाठलं. एकच गोष्ट एकाच वेळी उघडी आणि बंद कशी असेल, असं तिने तणतणत विचारलं.

"ते दार नाहीये," त्याने खुणेने सांगितलं.

"मग उघडा का म्हणायचं?"

"नाव ठेवणाऱ्याला विचार. उद्या येशील ना?"

उद्या अर्थशास्त्र आहे, असं ठणकावून ती निघाली. दुसऱ्या दिवशी गणितालाच आली. कचेरीला दुसरं कोणी मिळालं नाही म्हणे... निदान घरी तिने तसंच सांगितलं.

गणितातल्या अर्ध्याअधिक शब्दांना खुणाच नव्हत्या. मग त्या खुणा दोघांनी कॅन्टीनच्या टेबलाशी बसून बनवायच्या, आणि तो एकही धड पसंत करायचा नाही. ही खूण ढिली, ती भलत्याच अर्थाची. त्याच्या त्या चोखंदळपणामागे कारण होतं. आदल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत दुभाष्याने भलतंच सांगितलं आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं होतं. हे कळल्यावर तिला त्याच्यावर नीट चिडताही येईना, आणि म्हणून ती जास्तच चिडली.

एकदा 'जवळ जवळ जाणं' याची खूण चालली होती. तिने एक बोट दुसऱ्या बोटाकडे नेलं.

"टेकवलंस," तो म्हणाला. "टेकवायचं नाही. हवं तितकं जवळ न्यायचं, बस." आणि त्याने तिचं बोट धरून आपल्या बोटाच्या केसभर अलीकडे थांबवलं.

ती त्या केसभर अंतराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली... मग कॉफी गार झाली म्हणून त्याच्यावरच खेकसली. त्यांच्या खुणांत अहो-जाहो नव्हतंच. त्यामुळे 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

घरी जेवताना ती त्याचीच गाऱ्हाणी सांगायची. तिच्या थोरल्या भावालाही जन्मापासून ऐकू येत नसे; त्याच्याशी बोलता बोलताच ती ही भाषा शिकली होती. एके दिवशी त्याने ताटातला हात थांबवून म्हटलं, "जेवण संपलं, तुझं त्याच्याबद्दलचं संपेना."

"मी तक्रार करतेय, दादा."

"मी कुठे दुसरं काही म्हटलं?"

आईने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

तोंडी परीक्षा जवळ आली तशी सरांनी एक सराव परीक्षा घेतली. तो खुणांनी उत्तर द्यायचा आणि ती ते सरांना बोलून सांगायची. पहिली उत्तरं झकास गेली. मग एका सिद्धतेत तो मध्येच अडकला, त्याचे हात थांबले. पुढची पायरी तिला ठाऊक होती. कॅन्टीनमध्ये त्यानेच तिला ती समजावली होती. आणि काय होतंय हे कळायच्या आत ती मोठ्याने बोलून गेली. सरांनी खूश होऊन मान डोलावली. त्याने ती मान पाहिली. आपल्या अर्ध्या उत्तराला इतकी शाबासकी मिळत नसते, हे त्याला लगेच कळलं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "उरलेलं कोण बोललं?"

"तुला येत होतं ते. फक्त अडकला होतास."

"मग अडकू द्यायचं. पदवी कोणाला मिळणार आहे — मला की तुला?"

त्याचं बरोबर होतं, आणि तेच तिला सहन होईना. ती तडक कचेरीत गेली आणि आपल्या जागी दुसरा माणूस द्या म्हणाली. मिळाले ते कोर्टात दुभाषी म्हणून आयुष्य घालवलेले एक काका. साधा संच सांगतानाही साक्षीदाराला शपथ द्यावी तशा खुणा करायचे. तिने त्यांना दोघांनी बनवलेली एकेक खूण शिकवली. काका दर वेळी बोट टेकवायचे. ती दर वेळी ते ओढून मागे घ्यायची. त्याचे निरोप मात्र तिने वाचून तसेच ठेवून दिले.

परीक्षेच्या दिवशी ती येणार नव्हती. तरी दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसली. आतून काकांचा खणखणीत आवाज येत होता. मग तो थांबला. बराच वेळ शांतता... तिने पिशवीचा बंद पिळून पिळून दोरी करून टाकला. पुन्हा काकांचा आवाज सुरू झाला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

तो बाहेर आला. "पास. दोनदा अडकलो. तुझे काका ढिम्म बसून राहिले, मग माझं मलाच आठवलं." मग म्हणाला, "तू चिडून सोडून गेलीस."

"चिडले होतेच. पण म्हणून नाही सोडलं."

"मग?"

आता मात्र तिचा संयम सुटला. "आपल्या माणसासाठी दुभाष्याचं काम करायचं नसतं. दादाची दुभाषी म्हणून मी कधी जाते का? आपला माणूस अडकलेला बघवत नाही, मग आपण मध्येच बोलतो. एवढं गणित शिकलास आणि हे कळेना तुला?"

तो एक पाऊल पुढे आला.

"परत सांग," तो म्हणाला. "'आपला माणूस' घाईत केलंस. नीट दिसलं नाही."

ती दात-ओठ खात, एकेक बोट वेगळं दिसेल असं, पुन्हा सावकाश म्हणाली.

"मी कॅन्टीनमध्येच सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तू पळून गेली असतीस, आणि मला ते काका मिळाले असते."

"मिळालेच ना."

तो हसला, इतक्या मोठ्याने की काकांनी दारातून डोकावून पाहिलं आणि गुपचूप आत गेले. मग त्याने तिचा हात धरला. तिला अजून पुष्कळ सुनवायचं होतं — न विचारता रागावण्याबद्दल, वाया गेलेल्या त्या सगळ्या दिवसांबद्दल. पण तो हात सोडेना, आणि एका हाताने भांडण काही रंगेना. तिने दोन-चारदा प्रयत्न केला, वैतागली, आणि शेवटी दुसरा हातही त्याच्या हातात देऊन टाकला.