सगळ्यात मागे कोण?

माझी आणि त्याची पहिली गाठ पडली ती माझ्या सायकलची चेन पडली म्हणून.

धुक्याची सकाळ होती. बाकीचे सगळे पुढे निघून गेलेले आणि मी काळ्याकुट्ट हातांनी ओल्या रस्त्यावर उकिडवी बसलेली. मागून डायनामोची कुरकुर आली. एका उंच, जुनाट सायकलवरून तितकाच उंच माणूस उतरला, त्याने वाकून बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "रागावताय की समजावताय?"

"कोणाला?"

"चेनला. मघापासून काहीतरी बोलताय तिच्याशी."

चेन त्यानेच बसवली, नाही म्हणत नाही. पण पुढे जे केलं…

आमचा जुन्या सायकलींचा गट आहे. दर रविवारी निघायचं, गावाबाहेरच्या तळ्याकाठी चहाला थांबायचं आणि तिथे एकाने त्या दिवशीच्या सफरीची गोष्ट सांगायची. कोणी? तर जो सगळ्यात मागून पोचेल त्याने. हा नियम माझ्या आत्याचा, कारण गट तिचा. "पुढच्याला नुसता रस्ता दिसतो गं, मागच्याला माणसं दिसतात," असं ती म्हणते. आणि गोष्ट चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हेही तिचंच.

हा नवा माणूस गुरांचा डॉक्टर. सायकल रणगाड्याएवढी जड, त्यामुळे मागे तोच. आणि मागे तो, म्हणून गोष्टीत मी! पहिल्याच दिवशी त्याने माझं चेनपुढचं भाषण असं रंगवलं की लोकांच्या नाकातून चहा आला. पुढच्या रविवारी मी म्हणे एका बोकडाशी वाट कोणाची यावरून वाद घातला, आणि हरले. त्याच्या पुढच्या रविवारी बदकांची रांग रस्ता ओलांडत होती, तर मी घंटी न वाजवता "जरा जाऊ देता का?" असं विचारलं.

यातलं बदकांचं खरं होतं. पण म्हणून काय ते चारचौघांत सांगायचं?

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एका सकाळी एक गृहस्थ खुर्चीत बसले, मी भिंग चढवत होते, आणि ते हसू दाबत म्हणाले, "बदकांना वाट मागणाऱ्या त्या तुम्हीच का हो?" मी डाव्याचं भिंग उजव्याला लावलं. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स!

संध्याकाळी तडक आत्याकडे गेले. "या रविवारी गोष्ट मी सांगणार. नाहीतर ही तू दिलेली सायकल तुला परत. मी नाही यायची पुन्हा."

मला रविवार सोडायचा नव्हता. आठवडाभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून मी अंधाऱ्या खोलीत उभी असते. मोकळं आभाळ मिळतं ते त्याच सकाळी. पण दर आठवड्याला हसं करून घ्यायचं म्हणजे तरी किती…

"मग राहा मागे," आत्या म्हणाली. "तुला कोणी धरलंय?"

रविवारी मी मागे राहिले. तो आणखी मागे राहिला. मी सायकल हळू केली, त्याने त्याहून हळू केली. मी बुटाची नाडी बांधायला थांबले, तो हवा बघायला थांबला. आम्हा दोघांना मागे टाकून एक आजीबाई काठी टेकत पुढे गेल्या.

"जा ना पुढे!" मी म्हणाले.

"तुम्ही आधी."

"माझी चेन सैल आहे."

"माझी हवा गेलीय."

"खोटं! टायर टणक आहे. इथून दिसतोय मला."

"दिसणारच. डोळ्यांचं काम तुमचं."

माझा पारा चढला. "का हो डॉक्टर, एवढी माणसं आहेत गटात. तुम्हाला चेष्टेला मीच सापडले?"

तो पहिल्यांदाच गडबडला. घंटीवरचं दव बोटाने पुसत राहिला. "बाकीच्यांच्या फक्त पाठी दिसतात मला. तुमचा… चेहरा दिसतो."

"तो कसा?"

"प्रत्येक वळणावर मागे वळून बघता तुम्ही. मी येतोय का ते."

मी चेन बघायला खाली वाकले. कानापर्यंत गरम झाले.

"तेवढं एक मात्र," तो हळूच म्हणाला, "मी कधी कोणाला सांगितलं नाही. ते झाकायलाच बोकड आणावा लागला."

मग तो सायकलवर बसला आणि सरळ पुढे निघून गेला. मागची जागा मला देऊन!

तळ्याशी मी पोचले तेव्हा आत्या वैतागून उभी होती. "अगं, रांगत आलीस का? चहा निवला! बोल आता."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच्या खोड्या काढायला आठवडाभर जमवलेलं सगळं सामान ओठांवर होतं. तो मान खाली घालून, शिक्षेला उभा असल्यासारखा.

"आजची गोष्ट लहान आहे," मी म्हणाले. "मी दर रविवारी वळणावर मागे बघते. रस्ता नाही बघत मी… डॉक्टर येतायत का ते बघते. संपली."

 डॉक्टरांच्या हातातला सगळा चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

"काय हा माणूस!" आत्याने कपाळाला हात लावला. "गाभण म्हैस सांभाळतो, कप सांभाळता येत नाही."

मी चिडूनच रुमाल पुढे केला. त्याने रुमाल घेतला, पण हात सोडला नाही.

"सोडा ना, सगळे बघतायत," मी पुटपुटले.

"बघू देत. तूच सांगितलंस ना सगळ्यांना?"

मला 'तू' म्हणाला! बेधडक, सगळ्यांसमोर. मी रागवायला तोंड उघडलं… आणि देवाशपथ सांगते, त्या दिवशी रागवायला मला काही म्हणजे काही सापडलं नाही.