विदूषकाची मान

ओल्या टॉवेलात गाजरं गुंडाळून पिळली की मान मोडल्याचा हुबेहूब आवाज निघतो. त्या दुपारी ती तेच करत होती. व्हिडिओ गेमसाठी असले आवाज काढण्यावरच तिचं पोट. हा गेम मोठ्या माणसांचा, रक्ताचे पाट वाहणारा. आणि त्या सगळ्यात हसवायला एक विदूषक. कसाही मारा, मरता मरता टोमणा मारणार, आणि पुढच्या डावाला बेटा पुन्हा हजर!

विदूषकाचा आवाज तिच्या धाकट्या भावाचा. तो गेल्याच महिन्यात गेला, आणि मान मोडून मरतानाचा टोमणा तेवढा बोलायचा राहिला. "त्याचं जुनं काही सापडतंय का बघा, मॅडम," दिग्दर्शक म्हणाला होता. "संध्याकाळी गेम बाजारात जातोय. नाहीतर सगळा विदूषक दुसऱ्याच्या आवाजात घालावा लागेल." म्हणजे भाऊ दुसऱ्यांदा जाणार. तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

काम संपलं की खोलीची नुसती शांतता टिपून ठेवायची, ही त्यांच्या धंद्यातली रीत. पुढे आवाज जोडताना लागते. ती श्वास रोखून उभी राहिली. जाड भिंती, बंद दार, गाजरांचा ओला वास. आणि हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला.

"ताई... मान तर मोडलीस. आता तुझ्या हो ला मान कशी डोलवू गं?"

दुसऱ्या कुणी धूम ठोकली असती. ती मात्र रडता रडता हसली. कार्ट्याचा आवाज परत आला होता! सुरुवातीचं 'ताई' तेवढं कापून तिने ते वाक्य पाठवून दिलं.

संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. "मॅडम, कमाल केलीत! आमची पोरं मघापासून त्याची मान मोडतायत, हसून हसून मुरकुंडी वळलीय. दर खेपेला नवा टोमणा! किती टिपले होते?"

"एकच..."

"काहीतरीच काय! पण आता सारखं एकच लावलंय त्याने. आणि ही ताई कोण हो? ऐका."

फोनमधून तिचीच गाजरं मोडली. मग तो आवाज आला, पार थकलेला. "ताई... सांग ना यांना. खरंच दुखतंय गं."

"थांबवा!" ती किंचाळली. "हात जोडते, मारू नका त्याला!"

"अहो, आता कसं थांबवणार? गेम गेला बाजारात. घरोघरी खेळतायत लोक..."

तिच्या पाठीमागे, टेबलावरच्या ओल्या टॉवेलात, एक गाजर कडकन मोडलं. मग दुसरं. मग थांबेचनात.