बारा शाल्मली आणि एक रुमाल

"शाल्मली, जरा पलीकडे सरका. शाल्मलीला बसू द्या."

रोपवेचा यंत्रमानव बाळकोबा अगदी अदबीनं बोलला. पण ट्रॉलीत कुणीच नव्हतं. बारा रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि खरी शाल्मली बाहेर फलाटावर उभी होती, हातात इन्सुलिनचा थंड डबा घेऊन.

तिच्या अंगावर काटा आला. "बाळकोबा, आत कोण आहे?"

"तुम्हीच. बारा जणी. फार शांत मुली, एकीनंही खिडकीबाहेर हात काढला नाही."

"मग मी कोण?"

बाळकोबानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तेराव्या. जागा नाही."

तिनं पाय उचलला, तर त्याचा लोखंडी हात आडवा आला.

साल होतं २०६१. वर गडावरच्या हवामान केंद्रात बाबा एकटेच होते. सकाळी त्यांच्या हातून इन्सुलिनची शेवटची बाटली फुटली होती. पायऱ्यांची वाट दरड कोसळून बंद. तीनच्या आत औषध पोचायलाच हवं होतं, आणि वाजले होते सव्वादोन. दरीतून धुकं वर चढत होतं. त्या धुक्यात रिकामी ट्रॉली हलकेच कुरकुरली, जणू आत कुणीतरी कूस बदलली.

तेवढ्यात विश्रामआजोबा धापा टाकत आले. रोपवेची वेबसाइट तीन वर्षांपूर्वी त्यांनीच बनवली होती. त्यामुळे गावात काहीही बिघडलं, अगदी म्हैस दूध देईना, तरी लोक त्यांनाच बोलवायचे.

"आजोबा, आत भुतं आहेत. आणि सगळी मीच आहे!"

"तू मोबाइलवर तिकीट काढलंस?"

"काढत होते. धुक्यामुळे रेंज जाऊन तिकिटाचं पान अडकायचं, मग मी परत उघडायची."

"किती वेळा?"

शाल्मलीनं बोटं मोजली. तिचा चेहरा पडला. "बारा."

आजोबा हसले, पण घड्याळाकडे बघत. "एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? तसं हे पान उघडलं की साइट बाळकोबाच्या मेमरीत (यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीत) एक रुमाल टाकते. तिकीट निघालं की जागा पक्की. नाही निघालं, तर रुमाल उचलायचा. तुझे बारा रुमाल तसेच पडून आहेत. याला म्हणतात मेमरी लीक, म्हणजे आठवणीची गळती. जागा धरायच्या आणि सोडायच्याच नाहीत."

"मग उचलत का नाही कुणी?"

आजोबांनी घडीचा संगणक उघडला आणि कपाळावर हात मारला.

"आजोबा?"

"रुमाल किती मिनिटं ठेवायचा याचं एक सेटिंग (यंत्राला आधीच सांगून ठेवलेला नियम) असतं. मला या रुमालवाल्यांचा भारी राग. म्हटलं, एक मिनिटसुद्धा देणार नाही! म्हणून मी लिहिलं शून्य."

"बरोबरच आहे की."

"या यंत्रात शून्य म्हणजे मुदतच नाही. कायमचा रुमाल. मी माहितीपत्रक वाचलंच नव्हतं."

"आणि तीन वर्षं कुणाला कळलं नाही?"

"बाळकोबाला रोज सकाळी बंद करून चालू करतात. आठवण पुसली जाते, दुखणं झाकलं जातं. आता तसं करायचं तर ब्रेकची तपासणी धरून तास जाईल."

आजोबांनी आधी जुन्या सेटिंगची प्रत काढून ठेवली, मग शून्याच्या जागी पाच लिहिलं.

ट्रॉलीचे दिवे लुकलुकले.

"उतरा, शाल्मली. सावकाश," बाळकोबा म्हणाला आणि हात बाजूला घेतला. कुणीच उतरलं नाही. हात पुन्हा आडवा. "उतरा, शाल्मली. पायरी ओली आहे." तिच्या शेजारून गार वारा गेला. ती आजोबांना चिकटली आणि मोजत राहिली. दहा लगेच गेल्या. उरलेल्या दोघींची पाच मिनिटं भरायची होती, त्या धुक्याकडे बघत बसून राहिल्या. मग त्याही गेल्या.

"आता एकदाच पान उघड," आजोबा म्हणाले. "आणि हात खिशात."

मोबाइलवर चक्र फिरत राहिलं. अडीच वाजले. बोट शिवशिवत होतं.

"आजोबा, परत एकदाच..."

"तेरावं भूत हवंय?"

तिनं मूठ आवळली. टिंग! तिकीट आलं.

"या, शाल्मली. बरं झालं, एकट्याच आलात," बाळकोबा म्हणाला.

दोन पन्नासला बाबांनी वर दार उघडलं. इंजेक्शन घेऊन ते खुर्चीत टेकले, तेव्हा कुठे शाल्मलीनं श्वास सोडला. केंद्राच्या फळ्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: "रुमाल पाच मिनिटं. शून्य लिहू नये, शून्य म्हणजे कायम. एका माणसाला एकच रुमाल, हा नियम मी लिहिणार."

"तू?" बाबांनी विचारलं.

"मग कोण? बारा जणींना ओळखते मी."

संध्याकाळी ती खाली उतरली. फलाटावर पाय ठेवताच मागून आवाज आला, "शाल्मली उतरल्या. जागा रिकामी."

ती थबकली, परत वळली आणि तिनं खुर्चीवर विसरलेला स्वतःचा रुमाल उचलून खिशात घातला.